उदबत्ती लावणारा हात आणि विझवणारा हात
(गृहवंदनेचा पाठ)



आपल्या घरी सकाळ-संध्याकाळ त्रिसरण-पंचशील होते. भगवान बुद्ध व बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमेसमोर फुले वाहिली जातात, मेणबत्ती लागते, उदबत्ती लागते. उदबत्ती लावण्यास सारे घर तत्पर असते. परंतु वंदना संपली, मंडळी आपापल्या कामाला लागली, कोणी कामावर गेले, कोणी पाण्याच्या रांगेत उभे राहिले, की मागे धुमसत राहिलेल्या उदबत्तीकडे कोण पाहतो? हा पाठ त्या उरलेल्या निखाऱ्याविषयी आहे.

१. उदबत्ती कशासाठी?

प्रथम दृष्टी साफ करून घेऊ. फूल कोमेजते, ते अनित्यतेची आठवण देते. दीप प्रज्ञेची आठवण देतो. सुगंध शीलाची आठवण देतो. बुद्ध हे नैवेद्य मागणारे किंवा धुपाने प्रसन्न होणारे दैवत नव्हेत. म्हणून घरात उदबत्ती नसली तरी वंदना अपुरी राहत नाही. तीन लावल्या तर बुद्ध, धम्म व संघ यांची आठवण होते, इतकेच. एक पुरे. संपूर्ण पुडा पेटवला म्हणून पुण्य वाढत नाही, धूर मात्र वाढतो.

उदबत्ती मध्येच विझली तर तो अपशकुन नव्हे. ती दमट असेल किंवा नीट पेटली नसेल. तसेच तिची राख म्हणजे अंगारा नव्हे. ती लेकराच्या कपाळी लावू नका, दुधातून पाजू नका. लेकरू आजारी असेल तर त्याला दवाखान्यात न्या. जुन्या देव्हाऱ्यातील समजुती नव्या प्रतिमेमागून घरात शिरणार नाहीत, याची काळजी आपणच घ्यावयाची आहे.

२. विझवणे अशुभ नाही

‘दिवा विझला’ असे म्हणू नये, विझवणे अशुभ, अशी समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. या भीतीपोटी पुष्कळ घरांत उदबत्ती तशीच जळत ठेवून माणसे बाहेर पडतात. बौद्धाला ही भीती कशासाठी? ‘निब्बान’ या शब्दाचाच अर्थ विझणे असा आहे. राग, द्वेष आणि मोह या अग्नींचे विझणे हेच आपल्या धम्माचे ध्येय होय. उरुवेलेचे तिघे काश्यप बंधू व त्यांचे शिष्य हे अग्नीची उपासना करणारे जटिल होते. त्यांनी अग्निहोत्राचे साहित्य नदीत सोडून दिले व ते भिक्खू झाले. अशा एक हजार भिक्खूंना भगवंतांनी गयाशीर्ष येथे जो उपदेश केला, त्याचा विषय आगच होता. मनुष्य कोणत्या आगीने जळतो आणि ती आग कशी शमते, हे त्यांनी तेथे सांगितले. ज्या धम्मात शमवणे हे थोर कार्य आहे, त्या धम्माच्या उपासकाने उदबत्ती विझवताना कचरू नये.

३. धुमसणारा निखारा

उदबत्ती म्हणजे बांबूच्या काडीवर थापलेली कोळशाची व लाकडाची भुकटी, चिकट द्रव्य आणि सुवास. तिला ज्योत नसते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु तिचे टोक हा खरा निखारा असतो. साधारण उदबत्ती अर्धा-पाऊण तास जळते. मसाला संपल्यावर उघडी काडी बहुधा आपोआप विझते, पण ‘बहुधा’ यावर घर सोपवता येत नाही. राखेबरोबर जळता तुकडा गादीवर पडला, तर कापूस आतल्या आत धुमसतो आणि बऱ्याच वेळाने, सारे झोपेत असताना, पेट घेतो.

४. जागा कोठे असावी?

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक गोष्ट आहे. भिक्खू विहारात जागोजागी अग्नी पेटवीत, त्यामुळे विहार मळत असे. तेव्हा भगवंतांनी अग्निशाळा एका बाजूस बांधण्याची अनुमती दिली. वणव्याने विहार जळू लागले, तेव्हा समोरून आग लावून वणवा अडवण्याची व विहाराचे रक्षण करण्याचीही अनुमती दिली. आगीला तिची जागा ठरवून देणे, ही आपल्या धम्मातील जुनीच रीत आहे.

आपले घर दहा बाय दहाची खोली असली तरी ही रीत पाळता येते :

• पितळेच्या किंवा मातीच्या जड वाटीत तीन बोटे कोरडी वाळू भरा व तीत उदबत्ती उभी खोचा. वाटीखाली रुंद थाळी ठेवा, म्हणजे राख थाळीतच पडेल. केळ्यात किंवा तांदळात खोचून अन्न वाया घालवू नका.
• पडदा, वह्या-पुस्तके, अंथरुणाची वळकटी व बाळाची झोळी यांपासून ती दोन हात दूर असावी. प्रतिमेवरील कागदी व प्लॅस्टिकचे हार तिच्यावर लोंबू देऊ नका. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा व ६ डिसेंबर या दिवशी घरात पताका आणि गर्दी दोन्ही असतात. त्या दिवशी अधिक जपा.
• लहान मुलाच्या हाताला लागेल किंवा डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर ती ठेवू नका.
• गॅसच्या शेगडीजवळ व सिलिंडरजवळ उदबत्ती लावू नका. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, विजेचे बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो.

५. विझवण्याची रीत

पेटवताना टोकाला आलेली ज्योत हाताने वारा घालून घालवा. फुंकर मारल्याने पाप लागते असे नाही. परंतु फुंकरीने ठिणगी व राख उडते आणि निखारा विझण्याऐवजी अधिक फुलतो.

वंदना झाली, घराबाहेर पडावयाचे आहे किंवा झोपावयाचे आहे, तर उदबत्ती उलटी करून तिचे जळते टोक वाळूत खोल दाबा व दहा आकडे मोजा. किंवा टोक पाण्यात बुडवा. मग धूर येत नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. उरलेली काडी लगेच केराच्या टोपलीत टाकू नका. ती पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि राख पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी टाका. डासांसाठी लावलेल्या कॉइललाही हाच नियम लावा.

घरात एक शिस्त घाला : ज्याने उदबत्ती लावली, त्यानेच ती विझवावी. जाणे भाग असेल तर दुसऱ्याला सांगून जावे.

६. धूर आणि श्वास

सुवासाबरोबर धुराचे बारीक कण व कार्बन मोनॉक्साइड वायूही येतो. बंद खोलीत तो साचतो. म्हणून खिडकी उघडी ठेवा. घरात दमेकरी, तान्हे बाळ किंवा गरोदर बाई असेल तर धूर टाळा व केवळ फुले वाहा. आजीचा दमा वाढवणारी पूजा ही मैत्री नव्हे. करुणा घरापासून सुरू होते.

७. भाजल्यास

भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडा. बांगडी, अंगठी लगेच काढा. हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. फोड फोडू नका. जखम मोठी असेल, किंवा चेहरा व डोळा भाजला असेल तर दवाखाना गाठा. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर लोळावे. इतरांनी घोंगडी किंवा जाड सुती चादर टाकून आग दाबावी. अग्निशामक दलाचा क्रमांक १०१ व आपत्कालीन ११२ हे मुलांकडून पाठ करून घ्या.

उपासकांनो, महापरिनिर्वाणापूर्वी भगवंतांनी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला तो अप्रमादाचा, म्हणजे सदैव जागरूक राहण्याचा. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो, तेही मद्याला प्रमादाचे कारण म्हणूनच वर्ज्य ठरवते. जो दारूला शिवत नाही, पण जळता निखारा मागे ठेवून निघून जातो, त्याला अजून अप्रमाद शिकावयाचा आहे. वंदना शेवटच्या शब्दाला संपत नाही, निखारा विझल्यावर संपते.

घरी मुलांना विचारावयाचे प्रश्न

१. उदबत्ती नसली तर वंदना अपुरी राहते काय? का?
२. ‘निब्बान’ या शब्दाचा अर्थ काय?
३. उदबत्ती फुंकरीने का विझवू नये?
४. आज आपल्या घरातील उदबत्ती कोणी लावली, आणि कोणी विझवली?

जय भीम!