एका बाजूस कललेली मोटार

चार पायांवर उभी असलेली वस्तू सरळ उभी राहणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. घरातील चौरंगाचा एक पाय किंचित आखूड झाला की चौरंग डुगडुगू लागतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपल्या नागपुरात मुले चाकांचे लाकडी बैल मिरवितात. त्यांतील एखाद्याचे एक चाक फरशीच्या उंचवट्यावर चढले की दुसरे एखादे चाक अधांतरी राहते. तीन पायांची तिवई मात्र कशाही जमिनीवर न डुगडुगता उभी राहते. ह्याचे कारण भूमितीत आहे. कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात असतातच. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेल असा नेम नाही.

मोटारीस चार चाके असतात आणि रस्ता तर कधीच सपाट नसतो. तरीही तिची चारही चाके जमिनीस टेकलेली राहतात, ती चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये बसविलेल्या स्प्रिंगांमुळे. स्प्रिंगेचा मूळ नियम रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. स्प्रिंगेवर जितके वजन वाढवावे, तितक्याच प्रमाणात ती अधिक दबते, हे त्याचे सार होय. ह्या एका नियमाच्या आधारे आज आपण असा एक प्रश्न सोडविणार आहो की, जो आपल्या शहरातील अनेक तरुणांना आणि त्यांच्या पालकांना पडलेला असतो.

सांप्रत कित्येक तरुणांस आपली मोटार कारखान्यातून आली त्यापेक्षा अधिक ठेंगणी, जमिनीलगत बसलेली अशी आवडते. त्यासाठी मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवितात. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे वळणावर गाडी कमी कलते, एवढा लाभ त्यात खरोखरच आहे. परंतु काम झाल्यावर पुष्कळदा असे दिसते की, गाडीची एक बाजू दुसरीपेक्षा खाली बसली आहे. मग जो कोपरा खाली दिसतो त्याच कोपऱ्यातील स्प्रिंगेखाली एखादा रबरी तुकडा किंवा जाड वायसर सारून गाडी 'सरळ' केली जाते. बहुतेक वेळा हा प्रकार म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला! तो कसा, हे आता पाहू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, गाडी ठेंगणी केल्याने प्रत्येक वेळी नवा दोष उत्पन्न होतो असे नाही. पुष्कळदा जुनाच दोष उघडा पडतो. समजा, टायर आणि मडगार्ड यांमधील फट पूर्वी ८० मि.मी. होती आणि दोन्ही बाजूंत ८ मि.मी. चा फरक होता. हा फरक फटीच्या एक दशांश असल्यामुळे कोणाच्या लक्षात आला नाही. आता फट ४० मि.मी. राहिली. फरक तोच ८ मि.मी.; पण तो फटीच्या एक पंचमांश झाल्यामुळे डोळ्यांत भरू लागला.

आता मुख्य गोष्ट. एका गाडीचे वजन १००० किलो आहे, ते चारही चाकांवर सारखे, म्हणजे प्रत्येकी २५० किलो वाटले आहे, आणि प्रत्येक चाकाची स्प्रिंग एक मि.मी. दाबण्यास अडीच किलो वजन लागते असे समजा. सांगाडा ताठ आहे असेही मानू. ह्या गाडीची फक्त मागील डावी स्प्रिंग इतरांपेक्षा १० मि.मी. आखूड निघाली, तर काय होईल? मागील डावा कोपरा १० मि.मी. खाली येईल व बाकीचे तीन आहेत तेथेच राहतील, असे प्रथमदर्शनी वाटते. तसे होत नाही. हूकचा नियम आणि तरफेचा नियम लावून गणित केले म्हणजे उत्तर असे येते: मागील डावा कोपरा साडेसात मि.मी. खाली येतो; पुढील डावा व मागील उजवा हे दोन्ही अडीच-अडीच मि.मी. खाली येतात; आणि कर्णाच्या दुसऱ्या टोकाचा पुढील उजवा कोपरा उलट अडीच मि.मी. वर चढतो. म्हणजे पुढून पाहिले तरी गाडी डावीकडे ५ मि.मी. कललेली, आणि मागून पाहिले तरी तितकीच कललेली. दोष मागे आहे, पण तो पुढेही दिसतो.

आता मालकाने पुढे उभे राहून पाहिले आणि पुढील डाव्या स्प्रिंगेखाली १० मि.मी. चे वायसर घातले. गाडीची डावी व उजवी बाजू तत्काळ समान होईल. पाहणारे म्हणतील, काम उत्तम झाले. परंतु वजनांचा हिशेब करा. पुढील डावे व मागील उजवे ह्या दोन चाकांवर आता प्रत्येकी २६२.५ किलो भार आहे, तर पुढील उजवे व मागील डावे ह्यांवर प्रत्येकी २३७.५ किलो. पुढील दोन चाकांतच २५ किलोंचा फरक पडला! शिवाय गाडीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा १० मि.मी. उंच झाला, ते निराळेच. ही गाडी डोळ्यांस सरळ आहे, पण चाकांस वाकडी आहे. पावसात अकस्मात ब्रेक दाबावा लागला तर हलके असलेले चाक आधी घसरू लागेल आणि गाडी एका अंगास ओढू शकेल. जी दुरुस्ती डोळ्यांचे समाधान करून धोका झाकते, ती दुरुस्ती न केलेली बरी.

मग योग्य मार्ग कोणता? आधी मोजणे, मग कारण शोधणे, आणि शेवटी पाना हाती घेणे. हा क्रम पुढे दिला आहे. ज्या कारणास काही खर्च नाही ते प्रथम तपासावे.

पहिली गोष्ट जागा. रस्त्याच्या कडेस गाडी उभी करून तिची उंची कधीही पाहू नये. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्यास मधून कडेकडे उतार दिलेला असतो. आपल्या शहरातील सिमेंटच्या रस्त्यांसही तो असतो. हा उतार शेकडा २ धरला आणि दोन चाकांतील अंतर १४५० मि.मी. धरले, तर दोन बाजूंच्या जमिनीतच २९ मि.मी. चा फरक येतो. म्हणून सपाट फरशी निवडावी आणि गवंडी लोक पारदर्शक नळीत पाणी भरून ज्या रीतीने पातळी पाहतात, त्याच रीतीने चारही चाकांखालची जमीन तपासावी.

दुसरी गोष्ट टायर. चारही टायर गाडीस नेमून दिलेल्या मापाचे, आणि एका आसावरचे दोन्ही सारखेच झिजलेले असावेत. हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी मोजावी. तापमान १० अंशांनी वाढले की टायरमधील दाब दर चौरस इंचास सुमारे दीड पौंडाने वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात एका बाजूची चाके उन्हात आणि दुसऱ्या बाजूची सावलीत असली, तर मोजणी फसते.

तिसरी गोष्ट भार. बैलगाडीत ओझे मागे अधिक झाले तर गाडी उलाळ होते, म्हणजे तिची धुरा वर उचलली जाते, हे खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. मोटारीचेही तसेच आहे. मागील पेटीत पडून राहिलेले सामान काढावे. आपल्याकडे चालक उजव्या हातास बसतो, म्हणून एकटा चालक बसला की उजवी बाजू थोडी खाली जाणारच. ४० लिटरची टाकी भरली म्हणजे जवळजवळ ३० किलो वजन वाढते, हेही विसरू नये.

चौथी गोष्ट, गाडी जॅकवरून नुकतीच उतरविली असल्यास लगेच मोजू नये. लोंबकळलेली चाके जमिनीस टेकताना टायर फरशीस अडकून राहतात आणि स्प्रिंग पुरती बसत नाही. गाडी दहा-बारा फूट मागेपुढे ढकलावी, चारही कोपरे हातांनी दाबून सोडावेत, आणि मग चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजल्यास टायरचा फरकही त्यात मिसळतो. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढावी व चार आकडे कागदावर मांडावेत.

इतके करूनही फरक उरला, तर मग यंत्राकडे वळावे. येथे सर्वांत अधिक आढळणारे कारण रबरी बुशांचे असते. चाकाचे दांडे ज्या बुशांत फिरतात त्यांचे बोल्ट चाके लोंबकळत असतानाच कसून आवळले, तर रबर त्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली आली की ते पिळवटते आणि स्वतःच एखाद्या स्प्रिंगेसारखे गाडीस वर रेटू लागते. एका बाजूचे बुश असे आवळले व दुसऱ्या बाजूचे नीट, तर गाडी कललीच म्हणून समजावे. उपाय बिनखर्चाचा आहे: गाडीचे वजन चाकांवर असताना बोल्ट सैल करावेत, गाडी दाबून सोडावी आणि तशाच स्थितीत बोल्ट पुन्हा आवळावेत.

त्यानंतर दोन्ही चाकांस जोडणारा आडवा दांडा, ज्यास अँटी-रोल बार म्हणतात, त्याची एक बाजू सोडून पाहावी. सोडताच गाडीची उंची बदलली, तर तो दांडा पिळलेला होता. मग स्प्रिंगेचे टोक आपल्या खाचेत बसले आहे काय, वरचे रबर जागेवर आहे काय, टोकाकडील वेटोळे तुटले आहे काय, हे पाहावे. काही गाड्यांत डाव्या-उजव्या स्प्रिंगा मुळातच निरनिराळ्या असतात. त्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे त्यांवरील क्रमांकांवरून कळते. दोन्ही स्प्रिंगा एकसारख्या असूनही संशय फिटत नसेल, तर त्या परस्परांच्या जागी बसवाव्यात. खाली बसण्याचा दोष स्प्रिंगेबरोबर दुसऱ्या बाजूस गेला, तर दोष स्प्रिंगेचा. तो आपल्या जागीच राहिला, तर सांगाड्याचा किंवा बैठकीचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही तसाच लागू पडतो. ज्या गाड्यांत स्प्रिंगेची उंची आटे असलेल्या कड्याने कमीजास्त करता येते, तेथे चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून भार जुळवावा. दोन्ही बाजूंचे आटे मोजून समान केले म्हणजे भार समान झाला, असे मानू नये. शेवटी चाकांची दिशा व दिव्यांची उंची पुन्हा जुळवून घ्यावी.

दोन गोष्टी मात्र कदापि करू नयेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. खाली भक्कम स्टँड असलेच पाहिजेत. आणि स्प्रिंग कापू किंवा ज्योतीने तापवू नये. तापविल्याने पोलादास दिलेले पाणी उतरते. कापल्याने उंची तर कमी होतेच, पण सहा वेटोळ्यांतील एक गेले की स्प्रिंग शेकडा २० ने अधिक ताठ होते. शिवाय चाक लोंबकळल्यावर आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून निसटण्याचा संभव असतो.

पालकांसाठी एक शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ५२व्या कलमाने गाडीत मनास येतील ते फेरफार करण्यास बंधन घातले आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार मान्य नाहीत असे स्पष्ट केले. म्हणून गाडी ठेंगणी करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करणे शहाणपणाचे. मुलाने हौसेने काही काम आरंभले असेल, तर त्यास केवळ रागे न भरता त्याने लिहिलेले चार आकडे पाहावयास मागावेत. आकडे नसतील, तर काम अद्याप सुरूच झाले नाही असे समजावे.

विद्यार्थिमित्रांनो, जे खाली दिसते तेच दोषी असते असे नाही. पुष्कळदा दोष कर्णाच्या दुसऱ्या टोकास लपलेला असतो. त्याचा शोध डोळा एकटा लावू शकत नाही; त्यास माप, हिशेब आणि धीर यांची जोड द्यावी लागते. शाळेत शिकलेला हूकचा नियम परीक्षेच्या पेपरात पाच गुण मिळवून देतो. पावसाळी रस्त्यावर तोच नियम गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाची काळजी वाहतो.

अभ्यासासाठी: वरील गाडीची मागील डावी स्प्रिंग १० मि.मी. आखूड असताना वायसर त्याच स्प्रिंगेखाली घातले असते, तर चारही चाकांवरील भार किती झाला असता, आणि का?