बंद कप्प्यातली हवा

माझगाव, मुंबई

चि. बाळ,

वहिनींचे पत्र काल पावले. घरची खुशाली चार ओळींत आणि तुझ्या नौकेची हकीकत दोन पाने. परंतु त्या दोन पानांतील एका वाक्याने माझी रात्रीची झोप गेली. तुझ्या मित्रांपैकी एक जण नौकेच्या पुढच्या कप्प्यात रंग देत असता भोवळ येऊन पडला, त्याला दोघांनी ओढून बाहेर काढले, ओसरीवर निजवून लिंबूपाणी दिले आणि तासाभराने तो पुन्हा आत उतरला, हे खरे आहे काय? मागल्या पत्रात तू प्लेटचा भाव आणि ट्रकवाल्याची टाळाटाळ यांचा इत्यंभूत तपशील लिहिलास. या प्रसंगाचा त्यात उल्लेखही नव्हता, हे मला अधिक लागले.

तुझ्या संकल्पाला माझा विरोध आहे असे समजू नकोस. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे अहमदपुरात, वाड्याच्या मागल्या अंगणात चाळीस फुटी पोलादी नौका उभारणाऱ्याला लोक काय म्हणत असतील, ते मला न सांगता कळते. म्हणू देत. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीस राहिले. तेथून समुद्र दिसत नाही, तरी एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी सोडला नाही, आणि त्या ध्यासापायी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली जाऊन दिलीप दोंदे २०१० च्या मे महिन्यात प्रदक्षिणा पुरी करून मुंबईस परतले. फ्रेंच दर्यावर्दी मोआतेसिए यांची ‘जोशुआ’ तर तुझ्या नौकेसारखीच पोलादी, आणि तीही फ्रान्सच्या अंतर्भागात, समुद्रापासून दूरच बांधली गेली. तेव्हा दूरत्वाची मला चिंता नाही. मला चिंता आहे ती त्या पुढच्या कप्प्याची.

आपल्या वाड्यातले धान्याचे पेव उघडताना अण्णा काय करीत, हे तू लहानपणी ऐकले आहेस. वरची शिळा बाजूस सारून ते पेव रात्रभर तसेच ठेवीत, सकाळी दोरीने कंदील आत सोडीत, आणि ज्योत मंदावली तर गड्याला पायरीवरही पाय ठेवू देत नसत. तुझा कप्पा हे पेवच आहे. मात्र त्यात कंदील चुकूनही सोडू नकोस, कारण थिनरच्या वाफेला एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेहून जड, वेल्डिंगचा आर्गॉनही जड. दोन्ही तळाशी साचतात, आणि आर्गॉनला तर ना रंग ना वास. शिवाय लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खात असते, त्यामुळे झाकण लावून महिनोन्महिने ठेवलेला नुसता रिकामा कप्पाही घातक ठरतो. पाच मिलिमीटरची प्लेट चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भरते. ती पायावर पडेल याची धास्ती तुम्हा सर्वांना असते, कारण ती डोळ्यांना दिसते. हवा दिसत नाही.

आणि तुझी माणसे मजुरीची नाहीत, हे विसरू नकोस. रोजावर आलेला वेल्डर जागा धोक्याची वाटली तर रोज बुडवून घरी जाईल. परंतु तुझ्या प्रेमाखातर रविवारी येणारी ही मुले, कोणी शिक्षक, कोणी दुकानदाराचा मुलगा, त्यांना तुला नाही म्हणण्याचा संकोच वाटतो, आणि जीव घाबरा झाला तरी ती बोलणार नाहीत. इर्जिकीला, म्हणजे बिनमजुरी मदतीला, आलेल्याच्या बैलांनासुद्धा आपण आधी चारा घालतो. मग माणसाच्या श्वासाची तजवीज कोणी करायची?

माझ्या तरुणपणी मी आणि गावाकडचा एक सोबती एकाच गाडीने मुंबईस आलो होतो. बार्जा दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात (त्याचे नाव आता सांगण्यात हशील नाही) तो टाकीत उतरला आणि परतला नाही. त्याला काढण्यासाठी मागोमाग उतरलेला दुसराही गेला. गावी निरोप सांगायला मीच गेलो. मला दारात पाहून त्याची आई आनंदाने उठली, कारण मी आलो म्हणजे मागून तोही येत असेल असे तिला वाटले. त्यानंतर गोदीत मी आयुष्य काढले, कितीतरी जहाजांचे सांधे जोडले. पण स्वतःची एक लहानशी नौका बांधावी ही जी हौस होती, ती त्या दिवसापासून मनात राहिली ती राहिलीच. तू ती बांधतो आहेस. हे ऐकून मला किती बरे वाटले, हे मी तुला कधी लिहिले नव्हते.

रागावून लिहिले ते मनात ठेवू नकोस. ब्लोअर आणि कापडी नळी घेण्यापुरते पैसे वहिनींकडे धाडले आहेत. नळीचे तोंड तळापर्यंत ने, माणूस आत असेतो ब्लोअर थांबवू नकोस, झाकणापाशी एक जण सतत बसलेला असू दे, आणि आतला पडला तर बाहेरच्याने मागोमाग उडी न टाकता हाक मारावी आणि आतल्याला ओढून काढता यावे, म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेस दोर आधीच बांधलेला असू दे. वहिनींची समजूत मी घालतो.

दिवाळीनंतर मी येतो. वेल्डिंग आता या डोळ्यांनी होणार नाही. पण सांध्यांना एका अंगाने चुना फासून दुसऱ्या अंगाने रॉकेल लावायचे आणि चुन्यावर डाग उमटतो का ते पाहायचे, हे काम मला अजून चांगले जमते, आणि ते तुझ्याबरोबर बसून करावे अशी फार इच्छा आहे. तू जेवण वेळेवर घेत नाहीस असेही वहिनी लिहितात. त्या मुलाची प्रकृती आता कशी आहे ते उलट टपाली कळव. त्याला माझाही आशीर्वाद सांग.

तुझा,
काका