तुरुंग की झाडू?

यंदाच्या गॅदरिंगमधल्या वादविवाद स्पर्धेत मी भाग घेतला होता. विषय होता ‘सार्वजनिक ठिकाणी जीवघेणे स्टंट करणाऱ्यांना तुरुंगवासच हवा’. बाजू चिठ्ठी टाकून ठरायची. माझ्या चिठ्ठीत निघालं ‘अनुकूल’. मनात म्हटलं, चला, सोप्पं काम! ‘आत टाका सगळ्यांना’ म्हटलं की आपल्याकडे टाळ्या ठरलेल्या. झालंही तसंच. चार मिनिटं तावातावाने बोललो, टेबलावर एकदा हात आपटला आणि दुसरा क्रमांक घेऊन आलो.

संध्याकाळी कँटीनमध्ये माझा लॅब पार्टनर वडापाव खाता खाता शांतपणे म्हणाला, “भाषण झकास झालं रे. फक्त एक सांग, मला आत टाकल्यावर तू शेजारच्याच कोठडीत असशील ना?”

हातातला चहा हातातच राहिला.

काय झालं होतं ते सांगून टाकतो. सेकंड इयरची सबमिशन संपली त्या संध्याकाळी आम्ही दोघं कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर गेलो. तिथे वर्दळ कमी असते म्हणून. पार्टनरने बाईक एका चाकावर उचलली, मी मोबाईलवर शूट करत होतो. पहिले दोन टेक फसले. तिसरा जमला, आणि त्याच वेळी समोरून सायकलवर एक काका आले. बाईक अंगावर येते आहे असं वाटून त्यांनी सायकल बाजूला घातली आणि ते गटाराच्या कडेला पडले. कोपर सोलवटलं, पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर. आम्ही धावलो, सायकल उभी केली, टोमॅटो गोळा केले, चार वेळा सॉरी म्हटलं. काका काहीच बोलले नाहीत. फक्त सायकलचं हँडल सरळ करत राहिले. ते वाकडं झालं होतं.

व्हिडिओ छान आला. भरपूर लाईक्स मिळाले. त्यात काका दिसत नाहीत, कारण तो भाग मी कापला होता.

तर अशा माणसाने स्टेजवर उभं राहून ‘तुरुंगवासच हवा’ म्हणायचं! पार्टनरचा टोमणा बरोबर बसला. मग परीक्षेला पंधरा दिवस असताना, करायला नको तो उद्योग मी केला. लायब्ररीत बसून कायदा वाचला. भाषणाच्या आधी वाचायला हवा होता, पण भाषणाला कायदा लागतो कुठे?

पहिलं आश्चर्य हे, की तुरुंग कायद्यात आधीपासूनच आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १५६ घ्या. रेल्वे कर्मचाऱ्याने बजावल्यानंतरही जो टपावरून, पायरीवरून किंवा इंजिनवरून प्रवास करत राहील, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रस्त्यावरच्या स्टंटला मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक वाहन चालवणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहेच, बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी.

आता त्या ‘किंवा’कडे नीट बघा. एकीकडे किमान सहा महिने आत, दुसरीकडे एक हजार रुपये. म्हणजे एक सेमिस्टर पूर्ण बुडणं किंवा दोघांचा एक पिझ्झा! मधे काहीच नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये एवढा टॉलरन्स ठेवला तर सर जॉब हातात घेऊन बघणारही नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक जण दंड भरून सुटतात आणि बाहेर येऊन पुढचा व्हिडिओ टाकतात. तुरुंग कागदावर राहतो. म्हणून मग लोक ‘अजून कडक कायदा करा’ म्हणतात. मीही म्हटलंच की!

बरं, हे स्टंट धोक्याचे किती, ते आपण इंजिनिअरच्या नजरेने बघू. लोकल ताशी ८० किलोमीटरने धावते आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. ओव्हरहेड वायरच्या दोन खांबांमधलं अंतर आपल्या रेल्वेत जास्तीत जास्त ७२ मीटर असतं, वळणावर त्याहून कमी. भागाकार करा. दारातून बाहेर झुकलेल्या माणसाच्या बाजूने दर सव्वातीन सेकंदांना किंवा त्याआधीच एक खांब जातो. कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसायला लागतो तेवढाच वेळ. टपावरचं तर बोलूच नका. मुंबईच्या लोकलला पूर्वी १५०० व्होल्ट डीसी होता, तो गेल्या दशकात बदलून २५,००० व्होल्ट एसी झाला. इथे तारेला हात लावायची गरजच नाही, पुरेसं जवळ गेलं की वीज मधली हवा ओलांडून अंगावर येते.

बाईकच्या व्हीलीमध्ये गंमत वेगळी आहे (गंमत म्हणजे अर्थातच गंमत नाही). ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचं चाक करतं. वळवण्याचं कामही तेच करतं. ते चाक हवेत आहे म्हणजे हँडल फिरवून काही होत नाही आणि पुढच्या ब्रेकचा उपयोग शून्य. पार्टनरने काकांना बघितलं तेव्हा तो गाडी चालवत नव्हता, गाडीवर फक्त बसलेला होता. आम्ही दोघंही मेकॅनिकलचे. हे सगळं आम्हाला माहीत होतं. व्हायव्हात विचारलं असतं तर घडाघडा सांगितलंही असतं.

आता मूळ प्रश्न. अशा माणसाला जेलमध्ये टाकणं योग्य का?

वाचताना २०१८ ची एक केस सापडली, ती मला फार आवडली. त्या वर्षी ‘किकी चॅलेंज’चं खूळ आलं होतं, आठवत असेल. चालत्या गाडीतून उतरायचं, ड्रेकच्या गाण्यावर नाचायचं आणि पुन्हा गाडीत चढायचं. विरार-वसई भागातल्या तीन तरुणांनी हे लोकलच्या बाबतीत केलं आणि व्हिडिओ टाकला. रेल्वे सुरक्षा दलाने त्यांना शोधून पकडलं. वसईच्या रेल्वे न्यायालयाने काय शिक्षा द्यावी? तीन दिवस वसई स्टेशन साफ करायचं, आणि असे स्टंट किती धोक्याचे असतात ते प्रवाशांना समजावून सांगायचं!

मला यात तीन गोष्टी पटल्या. एक तर शिक्षा लगेच झाली, लोक व्हिडिओ विसरायच्या आत. दुसरं, जिथे मिरवलं तसल्याच प्लॅटफॉर्मवर, त्याच गर्दीसमोर झाडू मारायला लागला. स्टंटचं इंधन काय असतं? लोक बघतात, हे. तेच इंधन न्यायालयाने उलटं वापरलं. आणि तिसरं म्हणजे तीन दिवसांनंतर ही पोरं घरी गेली. नोकरीच्या फॉर्ममध्ये ‘कधी कैद भोगली आहे का’ या रकान्यापुढे थबकायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

तुरुंगात काय होतं तेही बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१.४ टक्के कैदी होते, आणि त्यातले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही असे. जिथे शंभर माणसांच्या जागेत एकशे एकतीस माणसं झोपतात, तिथे एकोणीस वर्षांच्या पोराला तीन महिने ठेवून तो नक्की काय शिकून येईल? व्हीलीपेक्षा वेगळं काहीतरी शिकून येईल, एवढं मात्र नक्की.

बेकारिया नावाच्या इटालियन विचारवंताने १७६४ साली मांडलेलं आहे, की शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणार हे किती नक्की आहे, यावर गुन्हेगाराची भीती ठरते. अडीचशे वर्षं झाली याला. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या सरांची ‘टर्म ग्रँट करणार नाही’ ही धमकी कधीच खरी होत नाही त्यांच्या लेक्चरला कोणी बसत नाही. आणि जे रोज फक्त एक मार्क कापतात, पण खरंच कापतात, त्यांच्या लेक्चरला वर्ग भरलेला असतो.

पण थांबा. इथपर्यंत येऊन मी ‘प्रतिकूल’ बाजूला गेलो असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. अजून दोन गोष्टी मला सतावत होत्या.

२०२४ च्या जुलैमध्ये शिवडी स्टेशनवरचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरला. एक तरुण लोकलच्या दाराला लटकून प्लॅटफॉर्मवर पाय घासत जातो. रेल्वे सुरक्षा दलाची माणसं पत्ता काढत त्याच्या घरी पोचली, तर त्याचा एक हात आणि एक पाय आधीच गेलेला होता. एप्रिलमध्ये मशीद स्टेशनवर दुसरा स्टंट करताना. लोक मार्चमधला व्हिडिओ जुलैमध्ये बघून ‘याला आत टाका’ म्हणत होते. याला आता कुठल्या कोठडीत टाकणार आणि काय शिकवणार? जो फक्त स्वतःचाच जीव पणाला लावतो, त्याच्या बाबतीत मला तुरुंग निरर्थक वाटतो. त्याला वेळेवर पकडणं, हात धरून खाली उतरवणं, झाडू हातात देणं, हे सगळं आधी व्हायला हवं होतं.

आणि दुसरी गोष्ट अगदी उलटी. १९ मे २०२४, पुणे, कल्याणीनगर. अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरचा जीव घेतला. सुरुवातीला जामीन देताना जी अट घातली, ती म्हणजे अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध! पुढे गदारोळ होऊन तो आदेश बदलला, पण त्या निबंधाने लोकांच्या मनातून ‘सौम्य शिक्षा’ हा शब्दच उडवला. तो स्टंट नव्हता आणि निबंध ही शिक्षाही नव्हती, जामिनाची अट होती. तरी मला लोकांचा राग समजतो. झाडू आणि निबंध यांत फरक आहे. झाडू मारणारा लोकांना दिसतो आणि त्यात त्याचा घाम जातो. निबंध कोणीही लिहून देतं, आमच्या हॉस्टेलवर तर वडापाववर लिहून देतात.

म्हणून मला वाटतं, स्टंट किती थरारक होता किंवा व्हिडिओ बघून आपल्याला किती संताप आला, यावर शिक्षा ठरू नये. पणाला कोणाचा जीव होता, यावर ठरावी. स्वतःचा असेल तर काम करून घ्या, तेही आठवड्याच्या आत. रस्त्यावर चालणाऱ्या, सायकलवर जाणाऱ्या, स्टंट बघायलाही न आलेल्या माणसाचा असेल तर प्रश्न वेगळा होतो. पहिल्या वेळी काम आणि लायसन्स रद्द. एकदा पकडल्यावर पुन्हा केलं तर मात्र तुरुंग, थोडे दिवस, पण नक्की. तिथे मला ‘अनुकूल’ बाजू अजूनही पटते.

गंमत अशी, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ‘समाजसेवा’ ही शिक्षा पहिल्यांदाच आली आहे. पण ती मोजक्याच गुन्ह्यांना लावली आहे. पहिल्यांदा केलेली पाच हजारांखालची चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, अब्रुनुकसानी वगैरे. बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २८१ त्या यादीत नाही! वसईच्या न्यायालयाने २०१८ मध्ये जे केलं, ते कायद्यात रीतसर लिहायची संधी होती. ती हुकली असं माझं मत आहे.

आणि कलम १५६ बद्दलही एक बोलायचं आहे. पायरीवर उभा राहणारा प्रत्येक जण स्टंट करत नसतो. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. ते ऑफिसला निघाले होते. आत जागा नव्हती म्हणून बाहेर होते. कलमाच्या शब्दांत पायरी म्हणजे पायरी. हौसेने लटकणारा आणि नाइलाजाने लटकणारा, दोघंही एकाच वाक्यात बसतात. सकाळी ८.१२ च्या गाडीला कधी चढून बघितलंत तर फरक आपोआप समजेल.

हे सगळं मी पार्टनरला वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आपलं काय? पहिली वेळ, म्हणजे झाडू?”

“लायसन्सपण,” मी म्हटलं.

“आणि तुझं? तू तर गाडीवर नव्हतास.”

याचं उत्तर कायद्यात आहे. गुन्ह्याला मदत करणं, चिथावणी देणं हाही गुन्हाच धरतात. आणि तिसरा टेक घ्यायला मीच सांगितलं होतं.

काकांना आम्ही शोधलं. मागच्या रस्त्यावर रसवंतीवाला आहे, तो म्हणाला रोज सहाच्या सुमारास जातात, पण हल्ली चालत जातात. हँडलचं काय झालं ते विचारायचं आमचं धाडस झालं नाही. पुढच्या सोमवारी सहा वाजता तिथे थांबायचं ठरवलं आहे.

व्हिडिओ अजून पार्टनरच्या अकाऊंटवर आहे. मी म्हटलं, काढून टाक. तो म्हणाला, काढण्यापेक्षा तू कापलेला भाग परत जोड आणि अख्खा टाकू या. तो भाग माझ्या जुन्या मोबाईलमध्ये आहे. मोबाईल चार्जिंगला लावला आहे, अजून चालू केलेला नाही.