घरांतील झुरळें : ओळख, पाहणी व बंदोबस्त

कपाशीवर बोंडअळी दिसली असतां आपण प्रथम तिची जात व वय पाहतों, नुकसानीचा अंदाज घेतों, आणि मगच औषधाचा विचार करितों. परंतु स्वयंपाकघरांत झुरळें दिसूं लागलीं कीं तोच शेतकरी हातीं येईल तें औषध, हातीं येईल तितकें मारून मोकळा होतो. प्रस्तुत लेखकानेंही ही चूक केली आहे, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें धाडस केलें.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत आमच्या घरीं झुरळांचा फार उपद्रव झाला. गोठ्यांत कपाशीच्या फवारणींतून उरलेलें औषध होतें. तें अंदाजानें पाण्यांत मिसळून मीं ओट्याखालीं व मांडणीमागें फवारलें. संध्याकाळीं ओट्याखालीं खेळून आलेला चार वर्षांचा नातू ओकूं लागला व त्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागली. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला तो औषधाच्या नांवाचा. आणि बाटलीवरील चिठ्ठी केव्हांच निघून गेलेली होती. दोन रात्री दवाखान्यांत काढल्यावर मूल बरें झालें. इकडे पंधरा-वीस दिवसांत झुरळें पूर्ववत् फिरूं लागलीं. पाहणीवांचून आकारणी नाहीं, हा नियम मीं महसूल खात्यांत जन्मभर पाळला, आणि घरीं मात्र विसरलों.

ओळख. आपल्याकडील घरांत मुख्यत्वें दोन जाती आढळतात. पहिली मोठी, अमेरिकन नांवाची. लांबी ३५ ते ४० मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी, मानेवरील ढालीस पिवळसर कडा. तिची वस्ती मोरी, गटार, संडास व ओलसर अडगळींत असते. दुसरी लहान, जर्मन नांवाची. लांबी १२ ते १५ मिलिमीटर, रंग फिकट, आणि ढालीवर दोन काळसर समांतर रेघा. हिला पंख असूनही ती उडत नाहीं. ही ओट्याच्या फटींत, मांडणींत व शीतकपाटाच्या मागें राहते, आणि बहुधा बाजारांतून आणलेल्या खोक्यांतून व पोत्यांतून घरांत येते. नांव जर्मन असलें तरी, २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानुसार ही जात सुमारें २१०० वर्षांपूर्वीं भारत किंवा म्यानमार या भागांत मानवी वस्तीच्या आश्रयानें निर्माण झाली असावी.

जीवनक्रम. अळी व कोष या अवस्था झुरळांत नाहींत. अंड्यांतून निघणारें पिल्लू बिनपंखी, परंतु प्रौढासारखेंच दिसतें व तेंच अन्न खातें. अंडीं एका कठीण डबींत असतात. मोठ्या जातीच्या डबींत सुमारें १४ ते १६ अंडीं असून मादी ती फटींत चिकटवून जाते. पिल्लू वयांत येण्यास सहा महिने ते वर्ष लागतें. लहान जातीच्या डबींत ३० ते ४० अंडीं असतात, आणि पिल्लें निघण्याच्या सुमारापर्यंत मादी ती अंगाशीं बाळगते. पिल्लें दोन-तीन महिन्यांत वयांत येतात. फवाऱ्याचें औषध या डबींत सहसा पोंचत नाहीं. माझी फवारणी कां फसली, तें यावरून ध्यानांत येईल.

पाहणी. तीन-चार कांचेच्या बरण्या घ्याव्या. आंतील कांठास बोटभर रुंद तूप लावावें, म्हणजे आंत पडलेलें झुरळ वर चढत नाहीं. तळाशीं भाकरीचा तुकडा व थोडा गूळ ठेवावा, आणि बाहेरून कागद चिकटवावा, म्हणजे झुरळास चढतां येतें. बरण्या रात्रीं चूल, मोरी, मांडणी व धान्याची खोली येथें भिंतीलगत ठेवून सकाळीं मोजदाद करावी व ती वहींत टिपावी. ज्या बरणींत भरणा अधिक, तेथेंच वस्ती आहे असें समजावें. सांपडलेलीं झुरळें साबणाच्या पाण्यांत टाकिलीं असतां श्वासछिद्रें बुजून मरतात.

बंदोबस्त. पहिला उपाय पाणी व अन्न तोडणें. लहान झुरळ पाणी मिळाल्यास अन्नावांचून कित्येक आठवडे जगतें. परंतु दोन्ही न मिळाल्यास दोन आठवड्यांच्या आसपास मरतें. म्हणून रात्रीं खरकटीं भांडीं ठेवूं नयेत, गळकी तोटी दुरुस्त करावी, ओटा कोरडा करावा. दुसरा उपाय आसरा मोडणें. नाण्याच्या जाडीएवढी फटही लहान झुरळास पुरते. म्हणून फटी सिमेंटनें बुजवाव्या, मोरीस बारीक जाळी बसवावी, रिकामीं खोकीं व गोणपाट घरांत साठवूं नयेत. झुरळ खळ आवडीनें खातें, यास्तव खरेदीखतें व फेरफाराच्या नकला पत्र्याच्या पेटींत ठेवाव्या.

तिसरा उपाय आमिष. बोरिक ॲसिडची पूड व कणीक समभाग घेऊन त्यांत थोडी साखर व दूध घालावें आणि वाटाण्याएवढ्या गोळ्या कराव्या. त्या वस्तीच्या जागीं, मुलें व जनावरें यांचा हात अथवा तोंड पोंचणार नाहीं अशा फटींत ठेवाव्या. हें विष सावकाश चढतें. गुण येण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. लहान जातीचे कांहीं वंश द्राक्षशर्करा टाळूं लागले आहेत, हें १९९३ पासून ज्ञात आहे. म्हणून एक आमिष खाल्लें न गेल्यास दुसरें करावें. बाजारांतील लेपाचें आमिष वापरल्यास मसुराएवढे ठिपके द्यावे. आमिषाजवळ फवारा मुळींच मारूं नये, कारण त्याच्या वासानें झुरळ आमिषापासून दूर राहतें. अंड्यांतून नवीं पिल्लें निघत असतात, यासाठीं महिन्यानें पुन्हां मोजदाद करून आमिष बदलावें.

इशारा. शेतांतील औषध घरांत कदापि वापरूं नये, व त्याचा डबा स्वयंपाकघराजवळ ठेवूं नये. जुलै २०१३ मध्यें बिहारांतील सारण जिल्ह्यांत शाळेच्या भोजनांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक गेल्यानें २३ मुलें दगावलीं. डायक्लोरव्हॉस हें औषध पूर्वीं पुष्कळ घरांत झुरळांवर मारीत असत; त्याचा वापर भारतांत २०२० च्या अखेरपासून बंद करण्यांत आला आहे. कोणाचें जुनें शिल्लक असल्यास घरांत मारूं नये. विषबाधेची शंका येतांच रोग्यास विनाविलंब दवाखान्यांत न्यावें, आणि औषधाची बाटली चिठ्ठीसह बरोबर घ्यावी.

आमच्या घरीं या रीतीनें तीन महिन्यांत बरण्या रिकाम्या निघूं लागल्या. आतां दर अमावास्येच्या रात्रीं चार बरण्या मांडण्याचा परिपाठ ठेविला आहे. बरण्या मीं मांडतों, आणि सकाळची मोजदाद नातू करितो.