म्हातारपणी पाय चालते राहावेत म्हणून

घरचे आबा दुखण्याने अंथरुणाला लागले की आपण मायेपोटी त्यांचे सगळे स्वतःच करू लागतो. घास भरवतो, "तुम्ही उठू नका" म्हणतो. माया खरी, पण अशानेच आबांचे पाय जातात. गेल्या आषाढीला पंढरीची वाट चाललेले पाय पंधरा दिवस नुसते निजून राहिले, तर स्नायू झिजतात, सांधे आखडतात, पाठीला जखमा पडतात.

लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ साली डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्याकडे असेच शेकडो खाटेला खिळलेले वृद्ध सोपवले गेले. बाईंनी एकेकाला नीट तपासले, उठवून बसवले, चालायला लावले. कितीतरी जण आपल्या घरी परतले!

आपल्या घरीही हे जमते. डॉक्टरांची मनाई नसेल तर आबांना खाटेच्या काठावर बसवावे, पाय भुईला टेकू द्यावेत. घेरी येत नाही ना, हे पाहून मगच उभे करावे. दंड धरून ओढू नये. कमरेला आधार द्यावा. सदऱ्याची गुंडी त्यांची त्यांना लावू द्यावी, दहा मिनिटे लागली तरी लागोत. (घाई असते ती सूनबाईला नि आपल्याला!) काठी हाताशी असावी, मोरीची वाट कोरडी ठेवावी आणि रात्री तिथे दिवा असू द्यावा.