पट्टा सोडण्याआधी

राणी, दिवाळीत पुण्याहून तुझा लॅब्रॅडॉर घेऊन येतेस, त्याला रानात मोकळा सोडायचा, नाल्यात पोहू द्यायचा म्हणतेस. आण बेटा. एवढ्या अंगाचं जनावर फ्लॅटमध्ये कोंडलेलं मलाही पाहवत नाही. फक्त जिथे पट्टा सोडायचा, तिथे आदल्या दिवशी माझ्याबरोबर पायी फिरून ये.

धुऱ्यावर तार दिसली की थांबायचं. रानडुकरांसाठी कोणी कोणी कुंपणात थेट वीज सोडतात. कायद्याने बंदी आहे, तरी सोडतात, आणि सकाळी बंद करायचं राहून जातं. आपला कुत्रा मोत्या असाच गेला. दिवस चांगला वर आला होता, आणि तो माझ्यापासून वीस पावलांवर होता. तेव्हापासून दुसऱ्याच्या वावराजवळ गेलो की मी आधी हाक मारतो, ‘तार चालू आहे का हो?’ तूही विचार. लाजू नकोस.

पऱ्हाटीवर फवारणी झाली असेल तर धुऱ्याजवळच्या डबक्यात त्याला तोंड घालू देऊ नकोस. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. कुत्रा तर अंग चाटूनच साफ करतो, म्हणजे अंगावरचं सगळं पोटात. घरूनच पोटभर पाणी पाजून ने. तहानलेला कुत्रा कुणाचं ऐकत नाही.

पोहायला निळोणा, चापडोहची धरणं नकोत. ते पाणी यवतमाळ शहर पितं. बेंबळा धरणाच्या कालव्यावर तर पट्टा हातातच ठेव. अस्तराच्या तिरप्या भिंतीवर नखं रुतत नाहीत. आत पडलेलं जनावर पोहत राहतं, वर चढू शकत नाही, आणि दमून बुडतं. बिनकठड्याच्या विहिरीचंही तसंच. आपल्याला हवा वाळूचा, हळूहळू उतरत जाणारा काठ. भोयांनी जाळं लावलंय का, ते विचारून घे. पाय गुंतला की पट्टीचा पोहणाराही जातो. पहिल्या दिवशी पोटापर्यंत पाणी पुरे. लांब दोर बांध, पण छातीच्या पट्ट्याला, गळ्याला नको.

टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्यात त्याला न्यायचं मनातही आणू नकोस. कुत्र्याचा डिस्टेंपर वाघालाही होतो. आणि वाघ काही हद्दीत बसून राहत नाही. टिपेश्वरचा कॉलर लावलेला एक तरणा वाघ 2019 मध्ये चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला होता. वाटेत अशीच वावरं होती, असेच नाले. म्हणून दिवस मावळायच्या तासभर आधी पट्टा बांधून घराकडे वळायचं. बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपी शिकार. अस्वलाची गोष्ट वेगळी: कुत्रा आधी भुंकत अंगावर जातो, मग घाबरून धावत येतो तो तुझ्याचकडे, आणि अस्वल त्याच्या मागे.

घरी आल्यावर कान आतून कोरडे कर. दिवाळीत गवत पिकलेलं असतं, कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात. आज राहिलेलं कुसळ आठवड्याने पू धरतं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही.

रेबीजची लस दिल्याचा कागद बरोबर आण. वीस हात दोर मी बाजारातून आणून ठेवतो.