ठणका थांबला आणि मी फसलो

मे अखेरची गोष्ट. पाऊस तोंडावर आला म्हणून परसातली लाकडं पडवीत रचत होतो. एका ओंडक्याची साल सुटली आणि बोटाला निखारा लागावा तसा चटका बसला. खाली पाहिलं, तर बोटभर लांबीचा तांबडा विंचू.

"एवढासाच ना? इंगळी नव्हे!" शेजारचे काका म्हणाले. मलाही धीर आला. चिंचोका उगाळून लावला आणि पडून राहिलो. तासाभरात ठणका कमी झाला. वाटलं, विंचू उतरला. पण अंग घामानं निथळत होतं, दोन उलट्या झाल्या आणि हातपाय गार पडले. आईनं माझे तळवे चाचपले आणि लगेच रिक्षा बोलावली.

आमचा हिशेबच उलटा होता. काळी इंगळी आपल्या जाडजूड चिमट्यांनीच भक्ष्य चिरडते. तिचं विष त्या मानानं सौम्य. कोकणातल्या लाल विंचवाचे चिमटे काडीसारखे, म्हणून त्याची सारी भिस्त नांगीवर. त्याच्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरू शकतं. माझे हातपाय गार पडले ते त्यामुळेच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरलं. पूर्वी गंभीर विषबाधेत शंभरातले ३०-४० रुग्ण दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. मलाही त्याच गोळ्या दिल्या, प्रतिविषही दिलं.

विंचू आपल्या मागे लागत नाही. दिवसा तो सालीखाली, चिऱ्यांच्या फटीत, गोवऱ्यांच्या ढिगात दडतो आणि रात्री किड्यांच्या शोधात निघतो. आपणच त्याच्या घरात हात घालतो. म्हणून लाकडं, चिरे हलवताना जाड हातमोजे घाला. चपला आणि अंथरूण झटका. खाट भिंतीपासून दूर ठेवा. अंधारात अतिनील टॉर्च मारला, तर विंचू हिरवट चमकतो.

चावलाच, तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मंत्र-चिंचोक्यात वेळ घालवू नका. लहान मूल असेल, तर क्षणभरही थांबू नका. थेट दवाखाना गाठा. घाम, उलटी, गार तळवे यांतलं काही दिसलं, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. ठणका थांबला म्हणून वाटेतून मात्र परतू नका.